रात्रीच्या खोतांस अनावृत पत्र

श्रीयुत व्यवस्थापकसाहेब,
धाटाव औद्योगिक वसाहत, रोहा, यांसी,



ज्या कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 साली खोतांविरुद्ध संप पुकारून वर्षानुवर्षे जमिनी पडीक ठेवल्या, आणि जेथून स्वातंत्र्यानंतर खोती कायद्याने नामशेष झाली, तेथेच आपण कोणतीही सनद वा हुकूमनामा न काढता केवळ मोबाइलच्या साहाय्याने माझ्या रात्रीची खोती कायम केलीत, याबद्दल आपले अभिनंदन करावे तेवढे थोडेच होय. जुन्या खोतास वसुलीसाठी सुगीची वाट पाहावी लागे. आपणांस पावणेबारा वाजले की पुरे.

रोह्याहून सुटलेली मेमू निडी, नागोठणे, कासू करीत मला पेणेस आणून सोडते, तरी 'अर्जंट' नामक आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी कारखान्यातच हजर असतो. आणि मध्यरात्रीच्या सुमारास "उद्या पाहिले तरी चालेल" असा शेरा जोडून आपण जो तक्ता धाडता, त्या शेऱ्यातील औदार्य उमगेपर्यंत निद्रेने माझा निरोप घेतलेला असतो. रातपाळीच्या कामगाराचे हाल मी जाणतो, तथापि भोंगा झाला की त्याची पाळी संपते, आणि आठवड्यास 48 तासांची मर्यादा व जादा कामास दुप्पट वेतन हे 1948 च्या कारखाना अधिनियमानेच त्याच्या पदरी घातले. आम्हांस मात्र 'अधिकारी' ही पदवी मिळाली. आमच्या हमरापूर-जोह्याचे मूर्तिकारही चतुर्थीपूर्वी रात्री जागवून गणपतीचे डोळे आखतात, परंतु त्या जागरणास पंचांगात अखेरची तिथी असते.

फळमाशीच्या देहातही दिवस-रात्रीचे घड्याळ चालते, त्याचा उलगडा करणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांस 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि पडद्याच्या निळसर प्रकाशाने निद्रेस आवाहन करणारे मेलाटोनिन रोखले जाते, हेही वैद्यकास ठाऊक आहे. मी फळमाशी नसल्याने हा पुरावा आपण अग्राह्य ठरवाल, ही भीती आहेच.

आता एक गोष्ट आपल्या बाजूची. आपला तक्ता भरून झाल्यावरही मी झोपत नाही. दिवसातील एकही घटका स्वतःची न उरलेला मनुष्य ती रात्रीतून चोरून घेऊ पाहतो, आणि अनोळखी माणसांचे नाच, भांडणे व पाककृती पाहत दीड वाजवतो. म्हणजे खोताचा वाटा उचलला गेल्यावर कुळाच्या हाती जो भुसा राहतो, तोही रील्सवाले नेतात. परंतु त्यांची सक्ती नाही. आपल्या निरोपास उत्तर न दिल्यास वार्षिक मूल्यमापनात 'प्रतिसाद मंद' अशी नोंद होते.

कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झाला नाही, सबब आपणांस चिंतेचे कारण नाही. माझी मागणी त्याहून माफक आहे. माझी रात्र रीतसर आपल्या नावे दाखल करून घ्यावी, तिचा सारा ठरवावा, आणि पहाटेचे निदान तीन तास इनाम म्हणून मजकडे ठेवल्याचा लेखी दाखला द्यावा, म्हणजे घरी दाखविता येईल.

हे पत्र टपालाने धाडीत आहे. ग्रुपवर टाकले असते, तर मी जागा आहे असे जाणून आपण कालचा तक्ता मागितला असता.

आपला आज्ञाधारक,
रात्रीचे एक कूळ, पेण