बिघाड आमच्या हक्काचा

अपडेट आलं म्हणून वैतागणारी माणसं आपण पुष्कळ पाहतो. पण बिघडलेलं अपडेट कंपनीनं स्वतःहून परत घेतलं म्हणून चिडणारी जमात पाहायची असेल, तर ऑगस्ट २०१८ मध्ये जावं लागेल.

सोमवार, १३ ऑगस्ट. अ‍ॅपलनं आयफोनच्या आयओएस १२ या नव्या प्रणालीचा सातवा बीटा, म्हणजे चाचणीसाठीची कच्ची आवृत्ती, डेव्हलपर मंडळींसाठी सोडला आणि काही तासांतच काढून घेतला. कारण उघड होतं. हा बीटा टाकला की फोन पेंगायला लागे. कुलूप उघडावं तर पडदा ढिम्म. अ‍ॅपवर बोट टेकवावं तर काहीच नाही. पुन्हा टेकवावं, तरी नाही. मग जरा वेळानं सगळी टेकवाटेकवी एकदम लक्षात आल्यासारखं काहीतरी उघडे, आणि ते आपल्याला हवं तेच असेल याची खात्री नसे.

यातली गंमत अशी की आयओएस १२ ची सगळी जाहिरातच वेगाची होती. आदल्या डिसेंबरात अ‍ॅपलनं कबूल केलं होतं की बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनचा वेग कंपनीच मुद्दाम कमी करते. त्यावरून जगभर बोंब झाली, माफी मागावी लागली, बॅटरी स्वस्तात बदलून द्यावी लागली. मग ४ जूनला सॅन होजेच्या मंचावरून जाहीर झालं की यंदा भर वेगावर. २०१३ चा आयफोन ५एससुद्धा आयओएस १२ वर चालणार. आयफोन ६ प्लसवर अ‍ॅप ४० टक्क्यांपर्यंत लवकर उघडणार, कीबोर्ड ५० टक्क्यांपर्यंत, कॅमेरा ७० टक्क्यांपर्यंत. प्रायश्चित्ताचं हे कार्य निर्विघ्न पार पडत असताना सातव्या पायरीवर देवच झोपी गेले.

अ‍ॅपलचे बीटा सहसा कॅलिफोर्नियात सकाळी दहाला येतात. उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. म्हणजे हिंजवडी काय, ठाणे काय, आपल्याकडच्या हौशी माणसानं जेवण उरकून फोन चार्जिंगला लावायचा आणि बीटा टाकून झोपायचं, असा रिवाज. यातले सगळेच डेव्हलपर होते असं कुणी समजू नये. त्या पदवीसाठी अ‍ॅपल तेव्हा वर्षाला ९९ डॉलर घेई. पण बीटा मिळवून देणारी प्रोफाइलची एक फाइल इकडून तिकडून मिळवली की कोडची एक ओळही न लिहिता माणूस डेव्हलपर होत असे. कच्चं सॉफ्टवेअर तपासण्यासाठी म्हणून घ्यायचं, आणि ते कच्चं निघालं की फसवणूक झाल्याचा सूर लावायचा, ही या पंथाची मूळ साधना.

तक्रार करायची सोयही फोनमध्येच असते. बीटा टाकला की फीडबॅक असिस्टंट नावाचं जांभळं चौकोनी अ‍ॅप आपोआप येऊन बसतं. काय बिघडलं, कधी बिघडलं, आधी काय केलं होतं, हे त्यात लिहून धाडायचं, इतकंच या परीक्षकांचं काम. पण तिथं लिहिलं तर वाचणार कोण? फक्त इंजिनिअर! त्यात काय मजा? त्यापेक्षा चारचौघांत "स्टीव्ह जॉब्स असते तर असं झालं नसतं" म्हटलेलं बरं. जॉब्स असतानाच्या आयफोन ४ ला विशिष्ट तऱ्हेनं हातात धरलं की रेंज जायची, हे अशा वेळी कुणी आठवत नाही.

दुसरा हमखास भेटणारा गृहस्थ म्हणजे "माझ्याकडे तर मस्त चाललंय" वाला. गावाचं पाणी गढूळ आलं तरी याच्या नळाला स्वच्छ येतं. मात्र या खेपेला त्याचंही अगदी चूक नव्हतं. ही मंदी लाटेसारखी येई आणि जाई. कुलूप उघडल्यावर फोनला थोडा वेळ एकटं सोडलं, तर तो आपला आपण ताळ्यावर येई. त्यामुळे तोडगाही निघाला: फोन वापरायचा असेल, तर आधी थोडा वेळ वापरू नये.

खरा आक्रोश मात्र ज्यांना बीटा मिळालाच नाही त्यांचा होता. कुणी झोपून गेलं होतं, कुणाचं डाउनलोड अर्ध्यावर होतं. सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या पब्लिक बीटावाल्यांपर्यंत तर ही लाट पोचलीच नव्हती. एरवी माणूस म्हणेल, सुटलो बुवा. पण भात करपलाय म्हणून वाढपी पातेलं घेऊन परत वळला, तर अख्ख्या पंगतीनं "आम्हाला का नाही?" म्हणून पानावरून उठावं, तसं झालं. काही जिद्दी तेवढ्यावरही थांबले नाहीत. परस्पर फोनवर येणारं अपडेट बंद झालं होतं, पण पूर्ण फाइल डेव्हलपरांच्या संकेतस्थळावर अजून होती. ती कॉम्प्युटरवर उतरवायची, फोन केबलनं जोडायचा आणि कंपनीनं परत घेतलेला बिघाड स्वहस्ते बसवायचा. स्वावलंबनाचं याहून शुद्ध उदाहरण मला ठाऊक नाही.

त्याच सातव्या बीटाबरोबरच्या टिपांमध्ये आणखी एक बातमी होती. एकाच वेळी ३२ जणांना व्हिडिओवर आपसांत बोलता येईल असं ग्रुप फेसटाइम पहिल्या आवृत्तीतून वगळलं होतं, नंतर देऊ म्हणून. त्यावरही कपाळं बडवली गेली. यातल्या किती जणांकडे एका वेळी बोलायला ३१ माणसं होती, हा प्रश्न विचारणं असभ्यपणाचं ठरेल. ऑक्टोबरअखेर १२.१ बरोबर ते आलं. जानेवारी २०१९ मध्ये कळलं की त्यात समोरच्यानं फोन उचलण्याआधीच त्याच्या खोलीतलं बोलणं ऐकू येऊ शकतं. अमेरिकेतल्या १४ वर्षांच्या एका मुलाला हे खेळता खेळता सापडलं. अ‍ॅपलला सोय तात्पुरती बंद करावी लागली आणि फेब्रुवारीत दुरुस्ती द्यावी लागली. बीटाच्या इतक्या फेऱ्यांतून गेलेल्या वस्तूतला दोष एका पोरानं काढला, आणि कंपनीच्या कानावर घालताना त्याच्या आईच्या नाकी नऊ आले. आमचे परीक्षक तेव्हा बॅटरीच्या टक्केवारीचे स्क्रीनशॉट काढत असावेत.

पुढचं थोडक्यात. दोनच दिवसांनी, १५ ऑगस्टला, आठवा बीटा आला आणि फोन जागे झाले. जनता सातवा विसरली. महिना संपता संपता अकराव्यानं नवी करमणूक केली. कुलूप उघडलं रे उघडलं की पाटी झळके: नवीन अपडेट आलंय, टाका. अपडेट कुठंच नसे. पाटी मिटवावी, पुन्हा हजर. जी माणसं एरवी दिवसभर अपडेट आलं का म्हणून सेटिंग्ज उघडून पाहत, त्यांना फोननंच आता उलट विचारायला सुरुवात केली होती. बाराव्या बीटानं तो उपद्रव संपवला.

१७ सप्टेंबरला आयओएस १२ रीतसर बाहेर पडलं. जुने फोन खरोखर सुधारले, सामान्य माणूस खूश झाला. बीटावाले तेवढे उदास, कारण आता सगळं नीट चालत होतं. सुदैवानं त्यांचं दुःख फार टिकलं नाही. दुसऱ्याच दिवशी १२.१ चा पहिला बीटा आला.

कामाच्या फोनवर बीटा टाकू नका, असं अ‍ॅपल बजावत असतं. ते न वाचता टाकणारच असाल, तर निदान आधी कॉम्प्युटरवर पूर्ण बॅकअप घेऊन तो वेगळा जपून ठेवा. बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर बसत नाही, आणि परतीच्या वाटेवर फोन पुसावा लागतो. आणि ज्या नंबरवर बँकेचा ओटीपी येतो, तो फोन या यज्ञात घालू नका.