रा. रा. स्कॅनरराव यांस अनावृत पत्र

रा. रा. स्कॅनरराव, मु. पो. स्टेअरिंगखालचे सोळा पिनांचे सॉकेट, यांस सा. न. वि. वि.

प्रथम आपले मनापासून अभिनंदन. पूर्वी मेस्त्री गाडीखाली शिरत असे. आता तो आपल्याला सॉकेटात खोचतो आणि कपड्यांना डाग न लावता उभ्या उभ्या निदान सांगतो. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागला आणि आपण पडद्यावर ‘सी००३५, पुढचे डावे चाक, स्पीड सेन्सर सर्किट’ एवढे उमटवले की पुढचे सगळे आपोआप होते. सेन्सरची ऑर्डर जाते, जुना निघतो, नवा बसतो, बिल फाटते. आठवड्याभरात दिवा पुन्हा लागला तर नवा सेन्सर ‘डुप्लिकेट निघाला’ असे ठरते आणि ओरिजिनल मागवला जातो. तोही पुरला नाही की ‘मॉड्यूलच गेलंय साहेब’ हे अंतिम वाक्य येते आणि मालक गाडी विकायचा विचार करू लागतो. हे सारे आपल्या नावावर खपते. आपण यातले काहीही म्हणालेले नसता, पण कधी हरकतही घेत नाही. आपल्या या मौनामुळेच हा पत्रप्रपंच.

आपण देता ती फिर्याद असते, निकाल नसतो. आणि आपल्याकडे पंचनाम्याशिवाय थेट शिक्षा द्यायची पद्धत पडली आहे. चावी फिरवताच एबीएसचे कंट्रोल युनिट स्वतःची तपासणी करते. दिवा दोन-तीन सेकंद लागून विझतो तो त्यासाठीच. गाडी चालू लागली की चारही चाकांच्या वेगाचे सिग्नल त्याच्याकडे येत राहतात. एखादा आलाच नाही, किंवा आला पण उरलेल्या तिघांशी जुळेना, की युनिट एबीएस बंद करते, दिवा लावते आणि एक कोड लिहून ठेवते. साधे ब्रेक शाबूत राहतात. पण या युनिटला दिसते काय, तर स्वतःच्या पिनांवर आलेली वीज. तारेच्या पलीकडच्या टोकाला काय घडले हे कळायला त्याच्याकडे मार्ग नाही. त्या एका कोडाखाली सेन्सर येतो, त्याची वायर येते, मधला कपलर, कपलरपासून युनिटपर्यंतचे वायरिंग, चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग, रिंग आणि सेन्सर यांच्यातली मिलिमीटरभर फट, आणि ती फट जागच्या जागी ठेवणारे बेअरिंगसुद्धा. एवढ्या संशयितांतून दरवेळी सेन्सरच पकडला जातो, कारण तो दुकानात सुटा मिळतो.

आता चाक काढून जरा जवळून पाहू. सेन्सरची वायर हबपासून निघते, शॉकॲबसॉर्बरला रबरी क्लिपने बांधलेली असते आणि मडगार्डच्या आतून बॉनेटकडे जाते. पुढचे चाक खड्ड्यात वरखाली होते, वळणावर फिरते, आणि प्रत्येक वेळी ही वायर त्याच एका ठिकाणी वाकते. दहा-बारा वर्षांनी बाहेरचे आवरण नव्यासारखे दिसते, पण आत तांब्याचे तंतू एकेक करून तुटलेले असतात आणि उरलेल्यांवर हिरवी भुकटी जमलेली असते. म्हणून दिवा सरळ रस्त्यावर गप्प असतो आणि पार्किंगमध्ये स्टेअरिंग पूर्ण वळवले की लागतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरवर हे पकडणे सोपे आहे: कपलर सोडवायचा, मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्याच्या पिना सेन्सरकडच्या बाजूला लावायच्या आणि दुसऱ्या हाताने वायर इंचाइंचाने वाकवत जायचे. आकडा मध्येच उडाला की गुन्हेगार बोटांच्या चिमटीत आहे. इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. बहुतेक गाड्यांत सेन्सर आणि वायर एकच नग असतात, त्यामुळे सेन्सर बदलला तरी दोष जातो आणि मेस्त्री बरोबर ठरतो. मात्र तुटलेली जागा कपलरच्या पलीकडे, गाडीच्या वायरिंगमध्ये असेल, तर सेन्सर कितीही बदलले तरी दिवा हटणार नाही.

रिंगचे प्रकरण याहून फसवे. जुन्या गाड्यांत ही दातेरी लोखंडी रिंग हबवर किंवा एक्सलवर ठोकून बसवलेली असते. कोकणपट्टीतली आणि गोव्यातली खारी हवा, वर चार महिन्यांचा पाऊस, की रिंगखाली गंज धरतो, फुगतो आणि रिंगला आतून तडा देतो. तडा गेला की दोन दातांमधली एकच खाच इतरांपेक्षा रुंद होते. ती सेन्सरसमोरून जाताना युनिटला वाटते, चाक क्षणभर अडकले. मग सिग्नलवर गाडी हळूहळू थांबताना पेडल पायाखाली थरथरते, पंप गुरगुरतो, कोरड्या रस्त्यावर ब्रेक मागे ढकलला जातो, आणि कित्येकदा दिवा लागतच नाही. दिवा नाही म्हणून कोड नाही, कोड नाही म्हणून आपण गप्प, आणि आपण गप्प म्हणून ‘गाडीत काही दोष नाही’ असे प्रमाणपत्र मिळते.

सेन्सरचेही दोन वंश आहेत. जुना म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तार. त्याचा रोध साधारण हजार ओहमच्या आसपास असतो, कंपनीगणिक बदलतो. म्हणून डाव्या चाकाचे माप उजव्याशी ताडून पाहणे सर्वांत खात्रीचे. चाक हाताने फिरवले की तो थोडी एसी वीज तयार करतो आणि ती मीटरवर दिसते. नंतरच्या गाड्यांतल्या सेन्सरला मात्र युनिटकडून वीज पुरवावी लागते. त्यालाही दोनच तारा असतात, दिसतोही जवळपास तसाच, पण त्याच्यावर ओहम मोजून हाती काही लागत नाही. तिथे चावी ऑन करून कपलरपर्यंत वीज पोहोचते का, हे आधी पाहायचे. पोहोचत नसेल तर बिचाऱ्या सेन्सरचा काय दोष? अशा अनेक गाड्यांत दातेरी रिंगच नसते. बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकाचे पट्टे असतात. बेअरिंग बदलताना ते उलटे ठोकले, की सेन्सरसमोर कोरी बाजू येते आणि सिग्नल बंद. मग बेअरिंगच्या कामानंतर लगेच लागलेल्या दिव्याबद्दल ‘योगायोगाने सेन्सर पण गेला’ असे ऐकवले जाते.

यावर आपले भक्त म्हणतात की सेन्सर बदलला आणि दिवा गेला, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? हा पुरावा दिसतो तितका भक्कम नाही. सेन्सर बदलताना कपलर उघडला जातो आणि पुन्हा दाबून बसवला जातो. त्यात पिनांवरचा गंज खरवडला जातो. जुना सेन्सर काढताना त्याच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस निघतो, बसायची जागा साफ होते, फट पूर्ववत होते. वायर नव्या वाटेने वळते. म्हणजे एका बदलात चार दुरुस्त्या नकळत होऊन गेल्या आणि श्रेय सगळे नव्या नगाला मिळाले. काढलेला सेन्सर टाकून देण्याआधी मोजला तर तो खरोखर मेला होता की नाही हे कळेल. सेन्सर मरतात, नक्कीच मरतात. पण मरण सिद्ध केल्यावर अंत्यसंस्कार करावेत, एवढीच विनंती.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे आणि तो मेस्त्रीचा आहे. तासभर मीटर घेऊन वायर वाकवत बसलो तर त्याचे पैसे कोण देणार? गिऱ्हाईक नव्या नगाचे बिल कुरकुर न करता भरते. ‘तपासणी’ म्हणून लिहिलेल्या ओळीवर मात्र घासाघीस करते. हे खरे आहे, आणि यात गाडीमालकांची बाजू लंगडी आहे. डोके चालवल्याचे पैसे द्यायचे नाहीत आणि सुट्या भागांचे द्यायचे, असा बाजार आपणच घडवला, तर त्यात सुटे भागच विकले जाणार. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला तर दोन अनावश्यक सेन्सरांच्या किमतीत कोणालाही शांतपणे तपासणी करता येईल.

तिसरा आक्षेप रुबाबात येतो. एबीएस हवेच कशाला? भारतात नव्या मोटारींच्या मॉडेलना ते एप्रिल २०१८पासून आणि आधीच्या मॉडेलना एप्रिल २०१९पासून सक्तीचे झाले. त्याआधी लाखो गाड्या त्याच्याविना धावल्याच ना? धावल्या, आणि त्या तशाच बनवल्या होत्या. इथे प्रश्न एबीएस धरून बनवलेल्या गाडीचा आहे. बॉशने १९७८ साली मर्सिडीजच्या एस क्लाससाठी हे तंत्र बाजारात आणले ते जोरात ब्रेक मारतानाही स्टेअरिंग हाती राहावे म्हणून. पुढे त्याच युनिटवर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देण्याचे कामही सोपवले गेले आणि कित्येक गाड्यांतून त्यासाठीचा जुना यांत्रिक व्हॉल्व्ह काढून टाकला गेला. म्हणून पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर ही वाटणीसुद्धा बंद असू शकते, आणि जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाके आधी अडकून गाडी गिरकी घेऊ शकते. अशा वेळी आधी ब्रेक ऑइलची पातळी पाहावी आणि गाडी चालवत नेण्याऐवजी टो करून न्यावी. दिव्यावर काळी पट्टी चिकटवणारे, बल्ब काढणारे आणि त्याची तार शेजारच्या दिव्याला जोडून देणारे कलाकार मात्र निर्धास्त आहेत, कारण पीयूसीवाला धूर तपासतो, दिवे तपासत नाही. जुनी गाडी घेताना चावी फिरवून हा दिवा आधी लागतो का ते पाहावे. तो न लागणे हे लागून राहण्यापेक्षा वाईट.

राहिले मॉड्यूल. तेही बिघडते, इंजिनाच्या उष्णतेने काही जुन्या युनिटांतले सोल्डरचे सांधे तडकतात आणि ते दुरुस्त करणारे कारागीरही आहेत. पण तिथवर जाण्याआधी फ्यूज, अर्थिंगची तार आणि बॅटरीचे व्होल्टेज पाहायला दहा मिनिटे लागतात. पंपाची मोटर भरपूर करंट ओढते. मरणपंथाला लागलेली बॅटरी तिला पुरत नाही आणि युनिट रुसते. शिवाय भंगारातून आणलेले मॉड्यूल बसवले की काम संपत नाही; बऱ्याच गाड्यांत त्याचे कोडिंग करावे लागते आणि ब्रेकमधली हवा काढताना पंप आपल्यामार्फतच फिरवावा लागतो.

आणि इथेच, स्कॅनरराव, आपले खरे कौशल्य आहे, जे कोणी विचारतच नाही. चारही चाकांचा वेग एकाच पडद्यावर आपण चालत्या गाडीत दाखवू शकता. शेजारी कोणाला तरी बसवून मोकळ्या रस्त्यावर गाडी सरळ चालवली, की तीन आकडे वीस दाखवताना चौथा शून्यावर जातो, किंवा हळू झाल्यावर एकटाच आधी गळतो, किंवा वेगळ्या मापाची स्टेपनी लावल्यामुळे सतत थोडा पुढेच राहतो. दिवा चावी फिरवल्यावर विझतच नाही की विझून गाडी हलल्यावर पुन्हा लागतो, हे त्याच्याशी जोडले की निम्मी चौकशी होते: पहिल्यात बहुधा तार तुटलेली किंवा शॉर्ट, दुसऱ्यात फट, रिंग, बेअरिंग. एवढे करून मग जॅक लावावा.

शेवटी एक मागणी. आपल्या पडद्यावरचे ‘इरेज’ हे बटण कोड कागदावर लिहून घेईपर्यंत कोणाला दाबू देऊ नये. कोड पुसून गाडी मालकाच्या हाती दिली की दिवा विझलेला दिसतो, बिल वसूल होते, आणि चार दिवसांनी तीच गाडी दुसऱ्या गॅरेजात कोऱ्या पाटीने उभी राहते. दुरुस्ती झाल्यावर मात्र तेच बटण दाबून गाडी थोडी चालवून आणावी. काही गाड्यांत चाके फिरून सिग्नल पटल्याशिवाय दिवा जात नाही, आणि तेवढ्यावरून नवा सेन्सर पुन्हा खोलला जातो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुन्या गाडीचा मालक