येथे भावना दुखावून मिळतील

आयर्लंड खाऊनपिऊन सुखी देश आहे, पण एका मालाचा तिथे भयंकर तुटवडा आहे. २०१५ साली तिथल्या टीव्हीवर स्टीफन फ्राय या इंग्रज नटाने देवावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. एका प्रेक्षकाने पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या २००९च्या कायद्यात ईशनिंदेला २५ हजार युरोंपर्यंत दंड होता, मात्र त्यासाठी बऱ्याच लोकांचं पित्त खवळायला हवं अशी अट होती. पोलिसांनी चौकशी केली आणि २०१७मध्ये फाइल मिटवून टाकली. कारण काय, तर खवळलेली माणसं पुरेशी मिळेनात! खुद्द तक्रारदार म्हणाला, मी काही दुखावलो नाही, नागरिकाचं कर्तव्य म्हणून कळवलं. पुढच्याच वर्षी सार्वमत घेऊन आयरिश जनतेने हा गुन्हा राज्यघटनेतूनच काढून टाकला.

अहो, एक फोन तरी करायचा! दोन बस भरून माणसं आम्ही पाठवली असती. बॅनर, घोषणा, निवेदनाच्या तीन प्रती आणि फोटोसाठी मध्यभागी उभे राहणारे भाऊ, सगळं आमच्याकडून. पुतळा जाळायचं रॉकेल तेवढं तुमचं.

भारतात ईशनिंदेचा कायदा नाही, असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात. खरंच आहे ते. अपमानाच्या फिर्यादीसाठी आपल्या कायद्याने देवाला कोर्टाची पायरी चढायला लावलेली नाही, त्याच्या वतीने भक्त चढतात. त्यासाठीचं कलम २९५-अ आलं १९२७ साली. लाहोरला पैगंबरांवर एक पुस्तिका निघाली, खटला झाला, आणि लावलेल्या कलमात हा गुन्हा बसत नाही म्हणून न्यायमूर्ती दलीपसिंग यांनी प्रकाशकाला सोडून दिलं. मोठा गदारोळ झाला, तेव्हा सरकारने नवं कलमच बेतून दिलं. त्यावर कायदेमंडळात बॅरिस्टर जीनांनी बजावलं होतं की प्रामाणिक टीका करणारे आणि इतिहास लिहिणारे यात भरडले जाऊ नयेत. त्यांच्या पाकिस्तानने हा सल्ला असा मानला की जनरल झियांच्या राजवटीत या कलमाला ‘ब’ आणि ‘क’ अशी दोन भावंडं झाली. धाकटं थेट फाशी देतं.

आपण इतके वाया गेलो नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच सांगून ठेवलंय की मुद्दाम, दुष्ट हेतूने केलेला अपमान तेवढाच गुन्हा. आणि १ जुलै २०२४पासून तर २९५-अ उरलंच नाही. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ आहे. गुलामगिरीची खूण पुसली गेली. तीन वर्षांची कैद तेवढी जागच्या जागी आहे.

हेतू कोर्ट तपासतं, पण ते फार पुढे. फिर्याद आधी होते. २०१२मध्ये मुंबईत इर्ल्याच्या वेलंकणी माता चर्चमधल्या क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. गर्दी जमली, ते पाणी तीर्थ म्हणून भांड्यांत गोळा होऊ लागलं. दिल्लीहून बुद्धिवादी सनल एडामारुकू आले. ते क्रुसाच्या मागे गेले, भिंत पाहिली, फोटो काढले आणि म्हणाले, मागचं गटार तुंबलंय, त्याचं पाणी भिंतीत चढतंय आणि खिळ्याच्या भोकातून बाहेर पडतंय. वर टीव्हीवर चर्चलाही चार शब्द सुनावले. मुंबईत भिंतीला ओल आली की आधी प्लंबरला बोलावतात, मग वरच्या मजल्यावाल्याशी भांडतात. इथे प्लंबरचं काम करणाऱ्यावरच एकाहून अधिक पोलीस ठाण्यांत तक्रारी गेल्या. कलम अर्थात २९५-अ. एडामारुकू फिनलंडला गेले ते गेलेच.

फिनलंड म्हणजे सुटका, असं तुम्हाला वाटेल. त्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका खासदाराला इस्लामवरच्या लिखाणासाठी दंड केला, आणि त्यात धर्माची विटंबना हाही गुन्हा होता. म्हणजे पाहुण्याला घरच्यासारखंच वाटलं असणार.

धर्मनिरपेक्षता म्हणतात ती आपल्याकडे कुठे शंभर टक्के दिसत असेल तर याच खात्यात. एम. एफ. हुसेन यांची चित्रं, वेंडी डोनिगर यांचं हिंदूंवरचं पुस्तक, रश्दींची कादंबरी, सगळ्यांना एकच न्याय. कोणत्याही धर्माचे या, माल तयार आहे.

पैकी रश्दींची गोष्ट सरकारी आहे, म्हणून जास्त रंगतदार आहे. ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’च्या आयातीवर ऑक्टोबर १९८८मध्ये कस्टम्सने बंदी घातली. पुढे एकाने दिल्ली उच्च न्यायालयात त्या बंदीलाच आव्हान दिलं. कोर्टाने अधिसूचना मागितली. शोधाशोध झाली, ती कोणालाच सापडेना. अखेर नोव्हेंबर २०२४मध्ये कोर्ट म्हणालं, अशी अधिसूचना नाहीच असं धरून चालावं लागेल. ३६ वर्षं आपल्या भावनांची राखण कोणता कागद करत होता, हे कस्टम्सलाही ठाऊक नाही! त्या कागदाच्याही काही भावना असतील; त्याची साधी मिसिंगची तक्रारही कोणी दिली नसावी.

महिन्या-दीड महिन्याने कादंबरी दिल्लीतल्या दुकानात आली. किंमत होती १,९९९ रुपये. एवढे पैसे मोजून, पाचशेच्या वर पानं वाचून मग दुखावून घ्यायचं, हे मध्यमवर्गाला कसं परवडणार? न वाचता दुखावून घेण्याची पद्धत आपल्याकडे पडली, ती उगाच नाही.