कल कळला, बस कुठे?

वर्धा जिल्ह्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. आख्यायिका अशी, की दोन बंजारा व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. पाया पडल्यावर बाबांनी वाळलेल्या पाल्यातून नवा माल करून दिला. व्यापाऱ्यांनी मग धंदाच सोडला आणि ते बाबांच्या सेवेला लागले.

करिअर समुपदेशनाची ही जिल्ह्यातली बहुधा पहिली केस. फी शून्य, निकाल हातोहात.

पुढे हे काम सरकारने अंगावर घेतलं. २०१६ मध्ये राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली. वाणिज्य, कृषी, ललित कला, गणवेशधारी सेवा वगैरे सात क्षेत्रं. पोराने बटणं दाबली, की अहवाल हजर व्हायचा.

समजा, गिरडच्या पोरीचा कल ललित कलांकडे निघाला. अभिनंदन! सरकारी चित्रकला महाविद्यालय नागपुरात. बाप अहवाल उलटसुलट करून एवढंच विचारतो, "खोलीचं भाडं कोन देईन?"

तो रकाना अहवालात नसायचा.

कल कृषीकडे निघाला तर? कापूस-सोयाबीनचे भाव बघून बाप पोराला वावरापासून लांब ठेवायला धडपडायचा, आणि सरकार छापील कागदावर त्याला परत वावरात धाडायचं.

गणवेशाकडे निघाला तर प्रश्नच मिटला. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले. कल सगळ्यांचाच पक्का होता. कच्च्या होत्या त्या जागा.

२०२३ मध्ये छत्रपती शाहू महाराजांच्या नावाने करिअर शिबिरं झाली. विधानसभा मतदारसंघनिहाय! पोराचं भवितव्य मतदारसंघाप्रमाणे ठरतं, हे निदान उघडपणे मान्य झालं.

याच जिल्ह्यात, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ च्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण मांडलं. देशाने मान डोलावली आणि पोरांना इंजिनीअरिंगला घातलं.

मार्गदर्शन नको, असं कोण म्हणतंय? पण आधी उत्पन्नाच्या दाखल्याचं बोला. जातपडताळणीचं बोला. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, वसतिगृहातली जागा, आयटीआयच्या कुठल्या ट्रेडला खरंच काम मिळतं, ते सांगा. 'मनाचा आवाज ऐका' हे नंतर.

आज हे सगळं सांगतो कोण? सेतू केंद्रावरचा पोरगा.

पदवी घेऊन झेरॉक्स मारतोय. म्हणजे अनुभवही दांडगा.