‘वाचले’ खाते

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर तीन गोष्टी कायम लिहिलेल्या असतात : पाण्याची वेळ, लिफ्टवाल्याचा नंबर आणि तूरडाळीवरची सवलत. पहिल्या दोन सेक्रेटरी लिहितात. तिसरी कुपनकाका लिहितात, आणि खाली ‘रविवारपर्यंतच’ असं लिहून दोन रेघा ओढतात.

काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे; पण तिथवर नजर जात नाही. कारण त्याच दारावर पिठाच्या गिरणीपासून ऑप्टिशियनपर्यंत सगळ्यांची पत्रकं टाचलेली असतात. काका एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले. सदतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बिलांतला पैसा न् पैसा जुळवला. निवृत्तीनंतर इतर लोक योगासनं करतात, नाहीतर देवळाच्या कट्ट्यावर बसून सरकार पाडतात. काकांनी हाताला नवं काम शोधलं. वाण्याचं बिल कमी करणं.

त्यांचं पाकीट कायम टम्म फुगलेलं. एकदा लोकलमध्ये ते मारलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी प्लॅटफॉर्मवर जसंच्या तसं सापडलं. चोराने नोटा तेवढ्या घेतल्या होत्या. “गाढव आहे,” काका म्हणाले, “दीडशे रुपये नेले आणि साडेचारशेची कुपनं टाकून गेला.”

या कुपनांची व्यवस्था बघण्यासारखी असते. जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं काका फेकत नाहीत. एकावर लिहिलेलं असतं ‘तेल-तूप’, दुसऱ्यावर ‘साबण-सोडा’, तिसऱ्यावर ‘मुदत संपत आलेली’. चौथं पाकीट सर्वात जाड. त्यावर बारीक अक्षरात आहे : ‘मुदत संपलेली, पण बोलून बघण्यासारखी’.

सकाळी पेपर आला की आधी कात्री फिरते, मग चष्मा. त्यामुळे त्यांच्या घरच्या पेपरला खिडक्या असतात. मी एकदा अग्रलेख वाचायला म्हणून तो मागून आणला, तर अग्रलेखाच्या जागी भोक आणि भोकातून माझाच अंगठा दिसत होता. पाठीमागे आट्याच्या पाच किलोंवर चाळीस रुपयांची सूट होती. “अग्रलेख उद्याही येतो,” काका म्हणाले. त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

काकांचं एक तत्त्वज्ञान आहे, आणि ते कायद्यावर उभं आहे. “एमआरपी म्हणजे काय?” ते विचारतात आणि आपणच उत्तर देतात. “कमाल किरकोळ किंमत. कमाल! याच्या वर घेतलं तर गुन्हा. खाली घेतलं तर कुठल्या कलमात बसतं, दाखवा.” छापील किंमत देऊन येणारा माणूस हा त्यांच्या लेखी लग्नात आलेला नवा जावई. त्याला काय वाटेल ते वाढा, तो मान डोलावणार.

या तत्त्वज्ञानाची मुळं जुनी आहेत. 1972च्या दुष्काळात काका बारा वर्षांचे होते. रेशनवरचा लाल मिलो आणण्यासाठी ते तासन् तास रांगेत उभे राहिले आहेत. त्या मिलोच्या भाकरीचं वर्णन ते अजूनही जेवताना करतात, म्हणजे पानातलं कमी लागतं. त्याच बालपणात दुसरीही एक गोष्ट होती. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात प्लॅस्टिकचा एक छोटासा प्राणी फुकट यायचा. काका आणि त्यांचे तीन भाऊ दिवसातून चार वेळा दात घासायचे, केवळ ट्यूब लवकर संपावी म्हणून. वडिलांना वाटायचं, मुलांना चांगलं वळण लागलंय. एकीकडे पैसे देऊनही न मिळणारं धान्य, आणि दुसरीकडे न मागता मिळालेला हत्ती. माणसाचा पुढचा स्वभाव असाच कुठेतरी दोन गोष्टींच्या मध्ये तयार होत असावा.

काकांचा सुवर्णकाळ म्हणजे सोडेक्सो कुपनांचा. मुलगी आयटीत लागली आणि तिला जेवणाच्या कुपनांची पुस्तिका मिळू लागली. ती पुस्तिका ती बाबांच्या हातात ठेवायची. वाणी कुपनं घ्यायचा, पण सुटे परत द्यायचा नाही. पन्नासच्या पटीत बिल बसवायला हवं. इथे सदतीस वर्षांचा अनुभव कामी आला. बिल 487 झालं की काका डोळे मिटायचे. दुकानातली गर्दी शांत व्हायची. “मोहरीची दहाची पुडी,” ते डोळे न उघडता म्हणायचे, “आणि तीन रुपयांची काडेपेटी-बिडेपेटी काय असेल ते.” पाचशे! वाण्याने एकदा हातातला तराजू खाली ठेवून नमस्कार केला होता. 2017च्या अखेरीस कागदी कुपनं गेली आणि कार्ड आलं. कार्डावर 487 म्हणजे 487च कापले जातात. “यात माणसाला काम काय उरलं?” काकांनी विचारलं. त्या दिवशी ते जेवले, पण नेहमीसारखे नाही.

मात्र त्याच वर्षी गूगलचं तेज नावाचं ॲप आलं, पुढे त्याचं गूगल पे झालं, आणि काकांना नवं कुरण मिळालं. पैसे दिले की स्क्रॅच कार्ड. काका ते अंगठ्याने इतक्या हळुवार खरवडायचे, की खाली लेण्यातलं चित्र उघडं पडतंय असं वाटावं. खाली लिहिलेलं असायचं ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’. तरी खचायचे नाहीत. 2019च्या दिवाळीत त्याच ॲपवर दिवा, कंदील, झुमका, फूल आणि रांगोळी असे पाच स्टॅम्प जमवले की 251 रुपये मिळणार होते. चार सगळ्यांना मिळाले. रांगोळी कुणाच्याच नशिबी येईना. त्या दिवाळीत काकांनी अठरा वर्षं अबोला असलेल्या चुलतभावाला फोन केला. पलीकडे त्याला गहिवरून आलं. “दादा, तुझी आठवण यायची रे!” काका म्हणाले, “माझंही तसंच. तुझ्याकडे रांगोळी आहे का?”

दुकानात काकांना बघणं हा वेगळाच अनुभव आहे. खिशातून बहिर्गोल भिंग काढून ते पाकिटाचा मागचा भाग वाचतात. हल्ली पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा किलोचा दर किती पडतो तेही छापावं लागतं. ही ओळ मुंगीच्या पावलांनी लिहिलेली असते. पण काकांसाठी तोच सगळा ग्रंथ. मोठं पाकीट घेतलं म्हणजे स्वस्तच पडणार हा आपला भ्रम ते तिथल्या तिथे फोडतात. “हे बघा, किलोचं पाकीट ग्रॅमला जास्त पडतंय. अर्ध्या किलोची दोन घ्या.” नवं लग्न झालेली जोडपी त्यांना दुकानाचा माणूस समजून फिनेल कुठे ठेवलंय ते विचारतात. काका सांगतात. बरोबर सांगतात. वर कुठलं घेऊ नका तेही सांगतात. त्यामुळे दुकानाचा खरा माणूस त्यांना पाहिल्यावर दुसऱ्या रांगेत जातो. खरं सांगायचं तर या एका विद्येबाबत मी काकांचा शिष्य आहे. मी मोठी पाकिटं उलटी करून बघायला लागलो ते त्यांच्यामुळे.

अडचण पुढे सुरू होते. स्वस्त काय ते काकांना कळतं. लागतंय काय, हा प्रश्न त्यांना पडत नाही. मधाच्या बाटलीवर ओट्स फुकट होते. घरात मध कुणी खात नाही, आणि ओट्स कुणी ओळखतही नाही. आठ बाटल्या आल्या. मग ओट्सचा उपमा, ओट्सचं थालीपीठ, आणि गणपतीत एकदा ओट्सची खीरही झाली. त्यांच्याकडे स्वयंपाक कशाचा होणार हे भूक ठरवत नाही, पाकिटावरची तारीख ठरवते. “आज पास्ता कसा काय?” असं विचारलं तर काकू शांतपणे सांगतात, “परवा संपतोय.” पाहुण्यांनाही सरावाने कळायला लागलंय. पुढ्यात तीन वेगवेगळी बिस्किटं आली की महिनाअखेर जवळ आली.

मोबाइलवरून दहा मिनिटांत किराणा यायला लागल्यापासून तर कहर झाला. परवा काकूंना फक्त कढीपत्ता हवा होता. कढीपत्ता पंधरा रुपयांचा, घरी आणून द्यायचे पंचवीस. 199च्या वर सामान घेतलं तर पंचवीस माफ. काकांनी पंचवीस वाचवण्यासाठी एकशे नव्वदचं सामान वाढवलं. मग 499च्या वर शंभर रुपयांची सूट दिसली. शेवटी दारात तीन पिशव्या आल्या. कढीपत्ता नव्हता. तो ‘आउट ऑफ स्टॉक’ झाला होता. काकू खाली गेल्या, भाजीवालीकडून दहाच्या मिरच्या घेतल्या. तिने वर कढीपत्त्याच्या दोन काड्या टाकल्या. मागायच्या आत. फुकट.

काकू हे वेगळंच संस्थान आहे. त्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या जुन्या सभासद. 1975पासून चालत आलेली ती पद्धत : शेजारपाजारच्या घरांनी संघ करायचा, महिन्याची यादी आधी भरून द्यायची, सगळ्यांचा माल एकत्र यायचा आणि आपणच तो वाटून घ्यायचा. तिथे कुपन नाही, स्क्रॅच कार्ड नाही, ‘फक्त आजच’ नाही. लिहिलं तेवढंच येतं. काकांच्या मते हे फार नीरस आहे. “त्यात जिंकल्यासारखं वाटत नाही,” ते म्हणतात.

आणि मला वाटतं, मुद्दा तोच आहे. काकांना पैसे नको आहेत. त्यांना जिंकायचंय. समोर एवढी मोठी कंपनी, तिचे एवढे शिकलेले लोक, आणि इकडे लेंग्यातला एक निवृत्त माणूस भिंग घेऊन उभा. कंपनीने टाकलेल्या जाळ्यातून दाणा तेवढा उचलून उडून जायचं. जाळंही त्या दाण्यासाठीच विणलंय, हे मात्र पक्ष्याला सांगायचं कुणी?

काकांची एक डायरी आहे. तीन रकाने : ‘छापील’, ‘दिले’ आणि ‘वाचले’. तिसऱ्या रकान्याची बेरीज रोज रात्री होते आणि लाल शाईने लिहिली जाते. दुसऱ्याची मी कधी पाहिली नाही. विचारलं तर म्हणाले, “ते खातं मंडळींकडे.”

गेल्या वर्षी या डायरीवर मोठा घाव बसला. काकांच्या बेडरूममधल्या कपाटात तेव्हा ‘तीनवर एक फ्री’वाल्या साबणाच्या चौसष्ट वड्या होत्या, शिवाय टूथपेस्ट, शाम्पू, खोबरेल. कपाट उघडलं की मोगरा, चंदन आणि कडुलिंब एकदम अंगावर यायचे. 3 सप्टेंबर 2025ला बातमी आली की साबण, टूथपेस्ट, शाम्पूवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5वर येणार, 22पासून. घटस्थापनेच्या मुहूर्तावर. काकांनी रात्री हिशेब मांडला. 118 रुपयांचा डबा आता 105ला. तेरा रुपये डब्यामागे! शेअर बाजार कोसळल्यावर लोक टीव्हीसमोर बसतात तसे काका कपाटासमोर बसले होते. मी धीर द्यायला गेलो. “काका, तुम्हाला चौथी वडी फुकट मिळाली होती. तुम्ही अजून फायद्यातच आहात.” ते खिन्नपणे म्हणाले, “आता नव्या भावावरही तीनवर एक चालूच आहे.”

त्याच रात्री काकू चहा घेऊन बाहेर आल्या, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा डायरीचा विषय काढला.

“एकूण किती वाचले हो आतापर्यंत?”

काका जरा सावरले. चष्मा पुसून लाल आकडा वाचला. “निवृत्तीपासून एक लाख बेचाळीस हजार तीनशे सहा.”

“बरं. मग द्या.”

“काय?”

“वाचलेले. मला चार पदरी मोहनमाळ करायचीय. एवढ्यात निदान दोन पदर होतील.”

घरात शांतता पसरली. कपाटातून चंदनाचा वास येत राहिला. काकांनी एकदा डायरीकडे, एकदा काकूंकडे पाहिलं. एसटीच्या ऑडिटरलाही जे सापडलं नव्हतं ते काकूंनी एका वाक्यात पकडलं होतं : शिल्लक कागदावर आहे, रोकड कुठे आहे? मी चहा अर्धा टाकून निघालो. अशा वेळी शेजाऱ्याने थांबू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. काका दारात. डोळे तारवटलेले.

“रात्री बसून ‘दिले’चा रकाना बेरजेला घेतला,” ते म्हणाले. आवाज खोल गेला होता.

“मग?”

“2021पर्यंत आलो. आकडा... जाऊ दे. तेवढ्यात कॅल्क्युलेटर बंद पडला. सेल संपला.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आता हा माणूस बदलणार, असं मला मनापासून वाटलं. सगळ्या चांगल्या गोष्टींत या ठिकाणी माणूस बदलतो.

“घरात पेन्सिल सेल आहेत चोवीस,” काका पुढे म्हणाले, “पण याला बारीक लागतो. हायवेवरच्या दुकानात चारवर दोन फ्री आहेत. दहाच्या आत गेलं तर पार्किंगही माफ. तुमची गाडी आहे ना?”

मी पिशवी घेतली. आम्ही नऊ चाळीसला पोचलो. पेट्रोल माझं. सहा सेल आले. चार काकांचे, दोन माझे, कारण फायदा वाटून घ्यावा असं त्यांचं मत आहे. परत येताना त्यांनी सांगितलं की त्यांच्या कॅल्क्युलेटरला एकच सेल लागतो.

माझ्याकडे कॅल्क्युलेटर नाही. पण पुढच्या आठवड्यात त्यावर वीस टक्के सूट असल्याचं फळ्यावर लिहिलंय. खाली दोन रेघा आहेत.