श्री. पोर्के यांना कारणे दाखवा नोटीस

प्रति,
श्री. पोर्के, कारणदर्शक अव्यय,
मु. पो. स्पेन आणि लॅटिन अमेरिका.

महोदय,

आपलं नाव वहीत पहिल्यांदा लिहिलं तेव्हा आमच्या सौ.नी विचारलं, "कोण पोरकं झालं?" त्याचा अर्थ 'कारण' असा सांगितला, तर म्हणाल्या, "मग कारणच म्हणा की!"

श्रीपूरच्या माणसाला स्पॅनिश कशाला, असं पारावरही विचारतात. त्यांना सांगतो, चंद्रशेखर आगाशांच्या १९३४ च्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना इथं आला, तेव्हापासून गाव साखरेवर जगतंय. स्पॅनिशमधली 'आसुकार' ही आपलीच शर्करा, अरबांच्या घरून तिकडे नांदायला गेलेली. १४९३ च्या सफरीत कोलंबसानं ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. म्हणजे सोयरीक जुनी.

पण सोयऱ्यांनी असं छळावं? 'पोर' आणि 'के' तोडून, 'के'वर स्वराघाताचा तुरा ठेवला की 'का?'. जोडून, बिनतुऱ्याचं लिहिलं की 'कारण'. जोडून वर तुराही दिला, की त्या कारणाचं नाम. आमच्या उसाला तुरा आला तर वजन घटतं, आपल्याकडे अर्थच फिरतो.

खरी तक्रार पुढंच आहे. तोडणीच्या दिवसांत अवकाळी आला, रानाला वापसा नाही, ट्रॉली चाकाच्या आसापर्यंत रुतलेली. मी अभ्यास म्हणून लिहिलं, 'पाऊस होता म्हणून टोळी आली नाही.' 'म्हणून'च्या जागी आपल्याला बसवलं: 'योबीआ पोर्के ला क्वाद्रिया नो बिनो.' अर्थ निघाला, टोळी आली नाही म्हणून पाऊस पडला! मुकादमाला हे कळलं असतं तर उचल वाढवून मागितली असती.

मराठी माणूस आधी सबब सांगतो, मग नन्नाचा पाढा वाचतो. आमच्या या सवयीला आपले बंधू कोमो बरोबर जुळतात. ते सबब घेऊन वाक्याच्या तोंडाशीच उभे राहतात: 'कोमो योबीआ, ला क्वाद्रिया नो बिनो.' तरीही शिकवताना आधी आपल्यालाच पुढं करतात, हा आमच्यावर अन्याय आहे.

'पुएस्तो के' मात्र ओळखीचे वाटले. आमच्या सरकारी कागदावरचे 'ज्या अर्थी' ते हेच. त्याच अर्थाचे 'दादो के' ऐकून १८३६ चं मराठी व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग आठवले, पण नातं काही निघालं नाही.

एका बाबतीत मात्र आपल्याला मानलं. नाकारलेलं कारण सांगताना आपल्या मागचं क्रियापद रूप बदलतं. "यायचं नाही म्हणून नाही ओ, पाऊस आहे म्हणून," असं मुकादम म्हणतो. त्यातला पहिला 'म्हणून' स्पॅनिशमध्ये सांगायचा तर क्रियापद संशयार्थी होतं. फोनवर मुकादमाच्या आवाजातही नेमकं तिथंच तसं काहीतरी होतं.

सबब, आपला लेखी खुलासा पंधरा दिवसांत यावा. तो कोमो यांच्या हस्ते पाठवा, सध्या मला तेवढेच वाचता येतात.

आपला,
श्रीपूरचा एक ऊस उत्पादक