पुढची गाडी

पौड रोडला एआरएआयच्या टेकडीखाली आमची सोसायटी आहे. गाडीच्या जाहिरातीत ॲव्हरेजच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत जिचं नाव छापतात, ती ही संस्था, 1966 सालापासूनची. तिच्या इतक्या जवळ राहून तिच्या आकड्यावर काडीचाही विश्वास नसलेला माणूस म्हणजे आमचे टर्बोकाका. त्यांचं खरं नाव फक्त मेन्टेनन्सच्या पावतीवर असतं. वय छप्पन्न, भोसरीला गिअर कापायचा छोटा कारखाना, रक्तदाब किंचित वर, आणि ध्यास एकच: पुढची गाडी.

‘पुढची गाडी’ हा त्यांच्या घरातला एक सदस्यच आहे. तिच्या नावाची वेगळी एफडी आहे. काकूंनी सोफ्याचं कापड बदलायचा विषय काढला की काका म्हणतात, “पुढच्या गाडीचं होऊन जाऊ दे.” स्वयंपाकघरातल्या टाइल्स, काकूंचा उजवा गुडघा आणि मुलीच्या लग्नाचा हॉल हे सगळे विषय कधी ना कधी तिच्या मागे रांगेत उभे राहिलेले आहेत. लग्न मुलीनं शेवटी नोंदणी पद्धतीनं उरकून घेतलं.

सध्याची गाडी म्हणजे अबार्थ पुंतो. फियाटनं ती 2015 च्या ऑक्टोबरात आणली तेव्हा दहा लाखांच्या आत, अर्थात एक्स-शोरूम, 145 अश्वशक्ती मिळणं ही चैन होती. इंजिन 1.4 लिटरचं टर्बो पेट्रोल, शून्य ते शंभर 8.8 सेकंदांत. बांधलेली रांजणगावच्या कारखान्यात, म्हणून काकांनी पहिली पूजाही रांजणगावच्या महागणपतीसमोर केली. अडचण एवढीच झाली, की बॉनेटवर स्वस्तिक काढायला गेलेले गुरुजी बिल्ल्यावरचा विंचू बघून थबकले. “हा काढता नाही का येणार?” त्यांनी विचारलं. काकांनी त्यांना कार्लो अबार्थ नोव्हेंबरात जन्मला, त्याची रास वृश्चिक, म्हणून खूण विंचवाची, असं सविस्तर सांगितलं. राशीचं म्हटल्यावर गुरुजी निवळले. त्यांनी कार्लोचं गोत्र विचारलं.

गाडी घरी आली 2016 च्या सुरुवातीला, आणि पुढच्या गाडीचा शोध सुरू झाला त्याच वर्षी. त्या नोव्हेंबरात पोलो जीटीआय आली होती. साऱ्या देशासाठी 99 गाड्या, किंमत पंचवीस लाखांच्या वर, आणि बाजूला दारं दोनच. काकूंनी मागच्या सीटकडे बघितलं, आत शिरायची वाट बघितली, आणि “मी खालीच थांबते” म्हणाल्या. तो विषय तिथेच मिटला. शोध मात्र चालू राहिला. आता फियाट भारतातून गेलीय, सुटे भाग मिळवायला काकांना कोईम्बतूरपर्यंत फोन करावे लागतात, त्यामुळे शोधाला निकडही आली आहे.

सर्वसाधारण पुणेकराची टेस्ट ड्राइव्ह सगळ्यांच्या ओळखीची आहे. घरातले पाचजण जातात. डिकी उघडून बघतात, सीट दाबून बघतात, एसी जोरात सोडतात, आजीला मागे बसवून “पाय पुरतात ना?” विचारतात. मग कर्ता पुरुष दुसऱ्या गिअरमध्ये सिग्नलपर्यंत जाऊन येतो आणि शेजारच्याला पडेल आवाजात “ॲव्हरेज किती देते?” विचारतो. शहाणी माणसं. त्यांची गाडी महिन्याभरात घरी येते.

काका टेस्ट ड्राइव्हला जातात ते पातळ तळव्याचे जुने कॅनव्हासचे बूट घालून. जाड तळव्यातून क्लच कळत नाही म्हणतात. खिशात टायरची हवा मोजायचं मीटर असतं. शोरूमच्या पोरानं चावी दिली की आधी चारही चाकांची हवा बघायची आणि मान हलवायची, हा पहिला विधी. सोबत काकू, आणि काकूंच्या हातात ताकाची बाटली. ताक प्यायला नसतं. बूच काढून ती कप होल्डरमध्ये ठेवायची आणि पौड रोडवरच्या खड्ड्यांतून गाडी काढायची, म्हणजे सस्पेन्शनचा निकाल लागतो. एका महागड्या जर्मन गाडीच्या पांढऱ्या चामड्यावर हा निकाल फार विस्तारानं लागला होता. तेव्हापासून बाटली अर्धीच भरतात.

काकू स्वतःही एक उपकरणच आहेत. बोलत्या काकू म्हणजे वेग ऐंशीच्या आत. देवाचं नाव निघालं की शंभर. त्या पूर्ण गप्प झाल्या की काका पाय उचलतात, कारण त्यानंतरचा वेग घरी गेल्यावर मोजला जातो.

शेजारी बसणारा शोरूमचा मुलगा चोवीस-पंचवीसचा असतो. काळा ब्लेझर, गळ्यात ओळखपत्र. मागच्या वर्षी तो विमा विकत असतो. त्याला कंपनीनं सनरूफ, थंड हवेच्या सीटा आणि दरवाजातल्या रंगीत दिव्यांची सगळी माहिती पाठ करून घेतलेली असते. काका विचारतात, “अरे बाळा, डिफरन्शियल कुठलं दिलंय यात?” तो म्हणतो, “सर, टॉप मॉडेल आहे.” त्याला नेमून दिलेला रस्ता ठरलेला असतो: शोरूम, सिग्नल, यू-टर्न, शोरूम. काकांना चांदणी चौकातून भूगाव आणि मग पिरंगुटचा घाट हवा असतो. पोरगा म्हणतो, “सर, पेट्रोल नाहीये.” हे मात्र खरं असतं. डेमो गाडीत पेट्रोल असलेलं आजवर कोणी पाहिलेलं नाही. काका स्वतःच्या पैशानं हजाराचं भरतात. माझ्या मते पुण्यातल्या निम्म्या डेमो गाड्या काकांच्या पेट्रोलवर चालतात आणि शोरूमवाले त्यांना अजून चहा देतात त्याचं कारण हेच आहे.

बीएमडब्ल्यू एम340आय त्यांनी अशीच घाटात नेली. मी मागे होतो. सहा सिलिंडर एका रांगेत, 374 अश्वशक्ती, शून्य ते शंभर 4.4 सेकंद. आता या आकड्याचं पुण्यात करायचं काय, हा प्रश्न कुणालाही पडावा. 4.4 सेकंदांत तुम्ही शंभरला पोचता आणि पाचव्या सेकंदाला समोर उसाची ट्रॉली असते. द्रुतगती मार्गावरही मर्यादा शंभरचीच, वर कॅमेरे. या गाडीचा खरा वेग बघायचा तर मध्य प्रदेशात पिथमपूरला नॅट्रॅक्सच्या 11.3 किलोमीटरच्या ट्रॅकवर जायला हवं. पण त्या दिवशी भुकूमच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि काकांनी पाय दाबला. माझा चष्मा कपाळावर गेला. ओळखपत्र मुलाच्या खांद्यामागे गेलं. काकूंनी देवाचं नाव घेतलंच नाही, थेट गप्प झाल्या. परतताना स्पीडब्रेकरवर काकांनी गाडी अंगवळणी पडल्यासारखी तिरकी घातली, पोट घासलं नाही. सगळं छान झालं. उतरल्यावर मी विचारलं, “काय मग, काका?”

“उत्तम गाडी आहे,” काका खिन्नपणे म्हणाले. “काहीच चुकत नाही तिचं.”

हे खिन्न होणं मला तेव्हा कळलं नाही. गोल्फ जीटीआयच्या वेळी थोडं कळलं. 2025 मध्ये ती आली तेव्हा बुकिंग करण्याआधी कंपनीनं चक्क प्रश्नपत्रिका ठेवली होती. गाडीविषयीच्या प्रश्नांची उत्तरं बरोबर आली तरच पुढे जायचं. काकांच्या आयुष्यात इतका मानाचा दिवस आलेला नाही. आदल्या रात्री त्यांनी उजळणी केली. पास झाल्यावर भोसरीला कामगारांना पेढे वाटले. मग 53 लाखांचा आकडा आणि त्याखाली ‘फक्त ऑटोमॅटिक’ हे वाचलं, आणि प्रवेश घेतला नाही. नंतर ऑक्टोबरात ऑक्टाव्हिया आरएस आली. 100 गाड्या. काकांनी चष्मा शोधला, मग पासवर्ड शोधला, तोवर सगळ्या संपल्या होत्या. काकूंच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जी शांती होती ती मी एरवी फक्त त्यांच्या एकादशीला पाहिली आहे.

मध्यंतरी मुलीच्या आग्रहानं ते विजेची गाडीही चालवून आले. चाकणला बनलेली महिंद्राची बीई 6, मोठ्या बॅटरीची, 286 अश्वशक्ती. काकू पहिल्यांदाच खूश झाल्या. धक्का नाही, धूर नाही, आवाज नाही. आवाज हवाच असेल तर ए. आर. रेहमाननं तयार केलेला लावता येतो, असं शोरूमच्या मुलानं अभिमानानं सांगितलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “इंजिन नाही, पण त्याचं पार्श्वसंगीत आहे.” आणि उतरून शेजारच्या डिझेल टेम्पोपाशी जाऊन उभे राहिले.

खरं तर त्यांना शोभेल अशी गाडी चाकणलाच बनते. व्हर्टस जीटी, 1.5 लिटर टर्बो, 150 अश्वशक्ती, हातानं टाकायचे सहा गिअर, आणि ग्राउंड क्लिअरन्स पुणेरी. काकांनी ती चालवली, परत चालवली, रविवारी पावसात चालवली. माझी खात्री झाली होती. मग कळलं, की संथ चालताना हे इंजिन पेट्रोल वाचवायला चारातले दोन सिलिंडर बंद ठेवतं. काका भडकले. “पगार चौघांचा आणि काम दोघांनी करायचं? माझ्या शॉपवर मी हे चालवून घेत नाही!”

त्या दिवशी मी त्यांना स्पष्टच विचारलं, की नक्की हवंय काय? ते मला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेले, पुंतोत बसवलं आणि भूगावच्या रस्त्याला लागले. “हे बघ,” म्हणाले, “इंजिनातून सुटणारा धूर एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. धूर कमी तर हवा कमी. म्हणून दोन हजार आरपीएमच्या खाली ही काही करत नाही.” खरंच काही करत नव्हती. मागून रिक्षा हॉर्न देत होती. “थांब,” काका म्हणाले. त्यांचा चेहरा पंधरा वर्षांनी तरुण झाला होता. “थांब... आली!” आणि पाठीत गुद्दा बसल्यासारखी गाडी सुटली.

नव्या गाड्यांचे टर्बो हलके असतात, सोळाशे-अठराशे आरपीएमला सगळी ताकद हजर होते, वाट बघावी लागत नाही. अभियंत्यांनी वर्षानुवर्षं खपून घालवलेला हा दोष काकांना नव्या गाडीत हवा आहे. तो ते शोरूममागून शोरूम शोधत हिंडतात, आणि प्रत्येक वर्षी तो मिळायची शक्यता कमी होते. कारण एकाही कंपनीला तो परत आणायचा नाही. मला विचाराल तर माणूस चुकतोय. रोज कारखान्यात जायला-यायला व्हर्टससारखी गाडी नाही, दोन सिलिंडर झोपले तर झोपू देत. पण मी हे त्यांना सांगत नाही, कारण घाटातल्या फेऱ्यांत मागची सीट मला फुकट मिळते.

मागच्या महिन्यात पुंतोला नवीन क्लचप्लेट बसली. एफडीचं नूतनीकरण झालं. सोफ्याचं कापड काकूंनी न विचारता बदललं.

तेव्हा वाचकहो, पुण्यात तुम्ही जरा दमदार गाडी बघायला शोरूममध्ये गेलात आणि “सर, डेमो गाडी आत्ताच बाहेर गेली, दहा मिनिटांत येईल” असं कुणी म्हणालं, तर चहासाठी थांबू नका, सरळ दुसऱ्या दिवसाची वेळ घ्या. ती पिरंगुटच्या घाटात आहे. परत येईल तेव्हा टाकीत पेट्रोल असेल, चाकांत हवा बरोबर असेल, कप होल्डर मात्र पुसून घ्या.